करवंटीचं आमिष

खूप खूप वर्षांपूर्वीची, खाडीला अजून कुणी नाव दिलं नव्हतं तेव्हाची ही गोष्ट.

त्या खाडीवर एक गाव होतं. गावाला दगडी धक्का होता आणि धक्क्याच्या लाकडी खांबांच्या सावलीत जिताडा राहायचा. जिताडा म्हणजे खाडीतला मानाचा मासा. मुलीचा बाप पहिल्यांदा तिच्या सासरी आला की त्याच्या ताटात जिताड्याचं डोकं पडलंच पाहिजे, अशी तिथली रीत होती. नाही पडलं, तर बाप मनात समजून जायचा की लेक या घरात नकोशी आहे.

गावात एक म्हातारा कोळी होता. गळाला लावायची लाकडी आमिषं तो स्वतः कोरायचा. एकाला शिंपल्याची चकाकी, एकाला मोरपिसाची शेपटी, एकाला चंदेरी वर्ख. पेटी उघडली की बघणारा हरखून जायचा. त्याची बायको म्हणायची, "यांच्या पेटीत मासे कमी आणि शेजारीच जास्त अडकतात."

घरात नवी सून आली होती. ती बोलायची कमी, बघायची फार. म्हाताऱ्याचा तिच्यावर भारी जीव. त्याला स्वतःला गोड आवडायचं, म्हणून दर बाजाराला तो तिच्यासाठी गुळाचा खडा आणायचा. तिला गोड मुळीच आवडत नसे. पण सासऱ्याचं मन कशाला मोडा, म्हणून ती तो मुकाट्याने घ्यायची आणि मागच्या दाराशी शेळीला द्यायची. शेळी चांगली गरगरीत झाली होती.

एकदा निरोप आला, की सुनेचे वडील उद्या दुपारी पहिल्यांदाच जेवायला येताहेत. नेमका तीन दिवस धो धो पाऊस पडून गेला होता. डोंगरावरची माती खाडीत उतरली होती आणि पाणी चहासारखं झालं होतं.

निरोप मिळताच म्हातारा धक्क्यावर जाऊन बसला. एकेक आमिष उन्हात धरून बघायचा, खूश व्हायचा आणि पाण्यात सोडायचा. शिंपला झाला, मोरपीस झालं, वर्खही झाला. जिताडा काही ढुंकून बघेना. म्हाताऱ्याचा चेहरा उतरला. "सूनबाई, तुझ्या वडिलांना मी काय तोंड दाखवू?" तो म्हणाला.

सून धक्क्याच्या पायरीवर भांडी घासत होती. तिच्या हातून लख्ख घासलेली पितळी पळी निसटून पाण्याखालच्या पहिल्याच पायरीवर पडली, आणि वीतभर पाण्यात दिसेनाशी झाली. शेजारी बुडवलेल्या टोपाचं काजळी धरलेलं बूड मात्र तेवढ्याच पाण्यात स्पष्ट दिसत होतं. तो टोप दगडावर आपटला की जिताड्याच्या खांबापाशी पाणी हलत होतं. तिने पुन्हा आपटून पाहिला. पुन्हा हललं.

ती घरात गेली. चुलीतला अर्धवट जळालेला करवंटीचा तुकडा घेतला, त्याला दोन शिंपले सैल बांधले, म्हणजे हलले की खडखडतील, आणि सासऱ्यापुढे ठेवला.

म्हातारा हसला. "अगं, याच्याकडे मी तरी बघेन का?"

"तुम्ही नाही बघणार, मामंजी," ती खालच्या आवाजात म्हणाली. "पण गिळायचं तुम्हाला नाहीये."

 म्हाताऱ्याने आपलं लाडकं चंदेरी आमिष वीतभर पाण्यात धरलं. ते नाहीसं झालं. करवंटी धरली. ती दिसली, आणि खडखडलीसुद्धा. त्याने ती गळाला बांधली आणि खांबाच्या सावलीत सोडली. तिसऱ्याच झटक्याला दोरी ताणली गेली, आणि हातभर लांबीचा जिताडा धक्क्यावर येऊन आपटला.

दुसऱ्या दिवशी व्याह्यांच्या ताटात डोकं पडलं. ते खाता खाता त्यांचे डोळे भरून आले. म्हाताऱ्याने करवंटीची हकिकत सगळ्यांना तिखटमीठ लावून सांगितली. सांगता सांगता मध्येच थांबला, सुनेकडे बघितलं, मग मागच्या दाराशी उभ्या असलेल्या जाड शेळीकडे बघितलं.

"सूनबाई," तो म्हणाला, "तुला आवडतं तरी काय?"

"मिठातली चिंच," ती म्हणाली. सासू पदरात तोंड लपवून हसली.

पुढच्या बाजारापासून घरात चिंच येऊ लागली. शेळी हळूहळू बारीक झाली.

तात्पर्य: आमिष असो की माया, ती आपल्या आवडीने नव्हे, ज्याच्यासाठी आहे त्याच्या नजरेने निवडावी.