न झाडलेल्या अंगणातली लाली

एका राज्यात एक अंगण होतं, आणि त्या अंगणाला केरसुणी लावायची बंदी होती. साधीसुधी बंदी नव्हे. केर काढील त्याचं मुंडकं जाईल, अशी. राजवाड्याच्या मागच्या दाराचं अंगण ते. पाचोळा पडे, तिथंच कुजे. कोंबडीची शीट पडे, तिथंच साचे. दासी नाकाला पदर लावून जात-येत. कोणी विचारलं तर राजा कनकध्वज म्हणे, "आमच्या घराण्याची रीत आहे."

कसली आलीय रीत! खरं काय ते मी सांगतो. राजानं तरुणपणी एका मांत्रिकाला मारून त्याचं सोनं लुटलं होतं. हंड्यांवर हंडे भरून ते याच अंगणात पुरलं. मांत्रिकानं मरता मरता शाप दिला, "माझ्या सोन्यावरची माती तुझ्या घरातला जीव खाईल. आणि त्या मातीला खराटा लागला, तर सोन्याचे कोळसे होतील." राजानं शापाचा दुसरा भाग तेवढा ध्यानात ठेवला. पहिला सोयीस्कर विसरला. लोभी माणसाचे कान असेच असतात.

राजाला एकच लेक, मंजुळा. जन्मली तेव्हा ती रडली नव्हती. सुईणीनं तिला अंड्यांवर बसलेल्या कोंबडीच्या पंखाखाली ठेवलं, ऊब लागली, पोरीनं टाहो फोडला. तेव्हापासून कोंबडीचा आणि पोरीचा जीव एक झाला. कोंबडी शिंकली की पोर शिंके, पोर हसली की कोंबडी कॉक्-कॉक् करी. कोंबडीचा तुरा जास्वंदीसारखा लाल, म्हणून तिचं नाव लाली. परकं पाऊल वाजलं की ती गाव गोळा करी. राजानं तिला त्याच अंगणात सोडली. म्हणजे फुकटची राखण झाली.

आणि एके वर्षी लाली सुकू लागली. पिसं फुगवून, पंख सोडून, डोळे मिटून एका कोपऱ्यात बसे. चारा पुढ्यात येईल तेवढा खाई, तरी अंगी लागेना. छातीचं हाड सुरीच्या पात्यासारखं वर आलं. तुरा फिका पडला, शीट पाण्यासारखी झाली. इकडे मंजुळाही भाताची परात रिकामी करी आणि वाळत जाई. तिची नखं पांढरी पडली. आईनं उचललं तर हातात पोर आहे की पोरीची कुंची, कळेना.

प्रजा भली. त्या राज्यात राजघराण्यात दुखणं आलं की घरटी मूठभर धान्य अंगणात उधळायची चाल होती. लोक आले, ज्वारी उधळली, बाजरी उधळली, हात जोडले. लालीनं तो दाणा त्याच घाणीतून वेचून खाल्ला आणि जास्तच आजारी पडली. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! पण लोकांना बोल लावून काय उपयोग, त्यांनी मनापासून केलं होतं.

राणी हिरावती अंगणाच्या उंबऱ्याशी बसून रडत होती. तेव्हा कुंपणावर भारद्वाज पक्षी येऊन बसला. डोळे माणकासारखे, बोलणं मोजकं.

"राणी, लालीच्या पोटात जंत आहेत. लालीचं अन्न ते खातात."

"उपाय सांग, पक्षिराज."

"पळसवनातून पळसपापडी, म्हणजे पळसाचं बी, आण. कोरड्या बारवेतल्या चेटकिणीकडून वावडिंग आण. दोन्ही कुटून, गुळात वळून, उपाशीपोटी दे. तुरा लाल झाला तर भागलं. नाही झाला, तर रोग मातीत आहे, हे ओळख. मग तिसरं काम कर. अंगणाची माती खरवड, बाहेर नेऊन जाळ, लालीला नव्या मातीवर ठेव आणि पुढच्या पौर्णिमेला औषध पुन्हा दे."

राणी निघाली. पळसवनात झाडं बोलतात, हे सगळ्यांना ठाऊकच आहे. सगळ्यात जुना पळस म्हणाला, "बी देईन. बदल्यात तुझ्या डोळ्यांतला लाल रंग दे. यंदा माझी फुलं फिकी आली आहेत."

"घ्या," राणी म्हणाली. तिला क्षणभरही विचार करावा लागला नाही. त्या घडीपासून कुंकू, डाळिंब, रक्त, सगळं तिला राखेसारखं दिसू लागलं.

बारवेच्या तळाशी चेटकीण सुपात वावडिंग पाखडत बसली होती.

"मला मोल नको," ती म्हणाली. "एका प्रश्नाचं खरं उत्तर दे. तुझा नवरा तुझ्याशी खरं बोलतो?"

"बोलतात," राणी म्हणाली.

चेटकिणीनं वावडिंगाची पुडी बांधली. "तुला खरं वाटतं तेच तू बोललीस. ने बाई वावडिंग. कीव येते तुझी."

औषध झालं. गोळी दिली. लालीच्या पोटातून पांढऱ्या दोऱ्यांसारखे जंत पडले, अंगणात वळवळले, मातीत मिसळले. पोरीनं कूस बदलली. आता तुरा लाल झाला की नाही, ते राणीला कसं दिसावं? तिनं राजाला विचारलं, "महाराज, माझे डोळे गेले त्या रंगाला. तुरा लाल आहे का, तुम्ही सांगा."

तुरा ज्वारीच्या पिठासारखा पांढुरका होता. राजानं तो पाहिला. मग त्यानं अंगणाकडे पाहिलं आणि मातीखालचे हंडे त्याच्या डोळ्यांपुढे आले.

"लाल आहे," राजा म्हणाला. "लालभडक."

दासींनी माना खाली घातल्या. मुंडकं सगळ्यांनाच प्यारं. राणीनं देवापुढे साखर ठेवली, आणि लाली त्याच मातीत टोची मारत राहिली.

पण कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का? पौर्णिमेच्या आत मंजुळानं अंथरूण धरलं. पाणी पाजलं तर ओठांवरून ओघळे. "आईसाहेब, मला पोटात कोणीतरी खातंय," एवढंच बोलली आणि मग तिची वाचा बसली. राणी धावत अंगणात गेली. लाली आडवी पडली होती. राणीनं तिच्या छातीवरून हात फिरवला. पिसांखाली नुसतं हाड, धारदार. हाताला रंग लागत नाही, पण खरं लागतं. राणी सगळं समजली.

तिनं पदर खोचला आणि गोठ्यातला खराटा उचलला. राजा आडवा आला.

"राणी, थांबा! याखाली सात पिढ्यांना पुरेल एवढं सोनं आहे."

"वर माझी लेक आहे."

"कोळसे होतील त्याचे!"

"होऊ देत. बाजूला व्हा, नाहीतर आधी तुम्हांला झाडीन."

खराटा मातीला लागला आणि जमिनीखालून रडण्यासारखा आवाज आला. राणीनं झाडलं, मग कुदळ घेतली, हातांची सालं निघेतो माती खरवडली. दासी बघत होत्या. एक पुढे आली, मग दुसरी, मग सगळ्या. पाट्या भरभरून माती वेशीबाहेर गेली आणि जळाली. उघडे पडलेले हंडे राजानं फोडून पाहिले. आत कोळसे. तो त्यांच्यात बसून लहान मुलासारखा रडला. शेवटी सोन्यासाठी!

राणीनं नदीकाठची कोरडी माती पसरली, लालीला तिच्यावर ठेवलं, पाण्याचं भांडं घासून भरलं. पौर्णिमेला पुन्हा गोळी दिली. लाली उभी राहिली, पंख झाडले, कॉक् केलं. आणि आतून मंजुळा म्हणाली, "आईसाहेब, भूक लागली."

राणीनं तिला भात भरवला. दर घासाला राणीचे डोळे भरून येत होते.

राजा दारात आला. काळे हात, काळं तोंड. हळूच म्हणाला, "राणी, लालीचा तुरा आता खरंच लाल झाला आहे."

"मी तुम्हांला विचारलं नाही," राणी म्हणाली, आणि पुढचा घास कालवू लागली.

असा शाप फिटला. बंदी उठली, राज्यात घरोघरी अंगणं झाडली जाऊ लागली, मंजुळा वाढली, लालीला पिल्लं झाली. राजा-राणी मात्र पुन्हा कधी एका पंक्तीला बसली नाहीत. लेकरं तुमची-आमची अशीच वाचोत, पण घरातलं माणूस असं कुणाचं हरवू नये.