नवाईला माणसं आणणारा वेस्ता

मंडळी, एक सांगा. पाणी चढतंय. एकीकडे भोंगा लावलेली लाँच म्हणतेय, चला. दुसरीकडे गळक्या होडीचा नावाडी म्हणतोय, थांबा. तुम्ही कुणाचं ऐकाल? मीठ विकत मी सातपुड्यातले बाजार फिरलो, तिथं भिल्लांच्या तोंडून ऐकलेलं सांगतो.

धरणाची भिंत नुकती उभी राहिली होती, त्या काळातली गोष्ट. मोखबारी गावातली निम्मी घरं लाँचनं पलीकडच्या पत्र्याच्या वसाहतीत नेऊन ठेवली होती. उरलेली हलेनात, कारण ज्वारी पिकून उभी होती. पण तिला विळाही लावता येईना. नवाईची पूजा झाल्याशिवाय नवं धान्य कापायचं नाही, आणि पूजेला घरटी एक माणूस हवंच, ही तिथली रीत. पीक बुडालं तर पुढच्या पेरणीला बी नाही.

लाँचवरचे साहेब वैतागले. "अरे, कापून घ्या. देवाला मागाहून सांगा."

गावाची पूजा मांडणारा नुरजी पुजारा म्हणाला, "साहेब, तुमच्याकडे पोरं झाल्यावर लग्न लावतात काय?"

सगळे हसले. साहेबही हसले, पण गेलेल्या माणसांना परत आणायला लाँच काही देईनात.

तेव्हा वेस्ता नावाडी उठला. म्हणाला, "थांबा, माणसं मी आणतो." त्याची बायको रायकी म्हणाली, "होडी गळतेय."

"गळू दे. मी कुठं कोरडा राहणार आहे?"

पहिली खेप आली तेव्हा पाणी शेताच्या बांधाशी होतं. दुसरीला बांध दिसेना. शेवटच्या खेपेला माणसं जास्त झाली आणि होडीची कड पाण्याला टेकली. म्हातारी बोंडी म्हणाली, "मला उतरव रे, माझं काय राहिलंय?"

"तुझ्या घरचं दुसरं आहे कोण? बस गप."

एवढं बोलून वेस्ताच पाण्यात उतरला आणि मागून होडी ढकलू लागला. त्या वेळी वारासुद्धा श्वास धरून होता, असं म्हणतात. होडी काठाला लागली. लोकांनी मागे पाहिलं तर वेस्ता नव्हता. होडीच्या मागच्या कडेवर दोन पंजांचे ओले ठसे होते. ते पुढं कुठल्याच उन्हात वाळले नाहीत, असं म्हणतात.

रायकीनं होडी काठावर ओढून घेतली. मग नुरजीला म्हणाली, "मांड पूजा. आमच्या घरचा हात मी लावते."

पूजा झाली, विळे चालले. धाटांच्या मुळाशी आलेलं पाणी तिथंच उभं राहिलं. शेवटचं कणीस टोपलीत पडलं आणि मग एका लाटेत शेत गेलं, असं म्हणतात.

वसाहतीत आजही नवाईला पुजारा एकेका घराचं नाव पुकारतो. शेवटी वेस्ताचं पुकारतो, आणि सगळं गाव म्हणतं, "आला." तोवर कुणी नव्या धान्याचा घास घेत नाही.

त्या धरणाचं पाणी आपल्या नळाला येतं. पोटभर प्या, माझं काही म्हणणं नाही. हिशेब तेवढा सचोटीनं ठेवा. धरणानं काय दिलं ते एका बाजूला मांडाल, तेव्हा दुसऱ्या बाजूला मोखबारीचं शेत मांडा, आणि त्याखाली वेस्ताला.