लाभ मोजायचा नसतो

धान्य मोजताना पहिल्या मापाला ‘एक’ नाही, ‘लाभ’ म्हणतात. पहिलं माप एकटं पडू नये, बरकत यावी, म्हणून. मग थेट ‘दोन’. जत्रेसाठी घरटी पाच पायल्या जोंधळा ठरला होता. तो गोळा करताना निंबा पाटील मात्र "लाभ, एक, दोन" करत पाचापर्यंत जात आणि सहावी पायली स्वतःच्या कणगीत टाकत.

आपला जोंधळा घेऊन आलेल्या तान्हूकाकूंनी हटकलं, तेव्हा ते गुरकावले, "लाभ द्येवाचा, म्हातारे. त्यो मोजायचा नसतो."

तेवढ्यात पाटलांच्या थोरल्या मुलाला सोयरीक घेऊन पाहुणे आले. "मुलगे किती?" त्यांनी विचारलं.

"तीन!" पाटलांनी मिशीवर हात फिरवला.

"दोनच की वो, पाटील," काकू म्हणाल्या. "थोरला म्हंजे लाभ. त्यो कुठं मोजत्यात?"

पाहुण्यांना कळेना. थोरल्याला कळलं. तो उठून सगळ्यांदेखत जोंधळा पुन्हा मोजू लागला, "लाभ... दोन..."

पाहुणे जाईपर्यंत पाटलांची मान वर आली नाही.