कुलपातली कुंभारीण

“वही आत आहे, किल्ली खिळ्याला आहे, मग अडलंय कुठे, अण्णा?”

वैजयंतीने हे तिसऱ्यांदा विचारलं. अण्णा खोलीबाहेरच्या ओट्यावर बसून मुंग्यांच्या रांगेशेजारी गुळाचा खडा ठेवत होते.

“कुलूप बघ,” ते म्हणाले.

तिने वाकून पाहिलं. किल्लीचं भोक मातीने लिंपलेलं होतं, बोटाने सारवावं इतकं गुळगुळीत.

“कुंभारीण माशी!”

“नऊ दिस झालं. म्या टेकडीवर गेलो हुतो. येईस्तोवर बाईनं घर बांधलं.”

अण्णा म्हणजे आमच्या गावाबाहेरच्या वनउद्यानातले जुने वनमजूर. नोकरी संपली तरी फाटकाजवळची खोली त्यांच्याकडेच राहिली. आम्ही गावकरी त्यांना गुरू वगैरे काही म्हणत नव्हतो. वैजयंती म्हणायची. शाळकरी असताना त्यांच्यामागे हिंडूनच तिला फुलांचं आणि किड्यांचं वेड लागलं. आता ती कॉलेजात शिकवत होती, नावाआधी डॉक्टर लागलं होतं, आणि टेकडीवरच्या जिवांचं पुस्तक लिहून तयार होतं. तीनशे बारा नावं. फक्त तारखा नव्हत्या. सोनकी कोणत्या साली कधी उमलली, काजवे कधी दिसले, हे एकतीस वर्षं एकट्या अण्णांनी वहीत लिहून ठेवलं होतं.

मी रोजच्यासारखा डबा घेऊन गेलो होतो, म्हणून हे सगळं ऐकायला मिळालं.

“सोमवारी पुस्तक छपाईला जायचंय, अण्णा.”

“जाऊ दे की.”

“तारखांशिवाय ती नुसती यादी आहे!”

अण्णांचं कांबळं आत होतं. स्टोव्ह आत, चष्मासुद्धा आत. खिडकीला गज. कडी उचकटावी म्हणून मी पहार आणली होती, तर हादरा बसेल म्हणून त्यांनी मला दाराजवळ फिरकू दिलं नाही. नऊ दिवस हा माणूस ओट्यावर झोपत होता.

“एका माशीसाठी?” वैजयंती म्हणाली.

“एक कुठली? अजून एकबी झाली न्हाई.”

ती हसली, पण राग आल्यावर हसतात तशी. तिने केसांतला आकडा काढला. “दोन मिनिटांचं काम आहे.”

“आत काय आसंल?”

“अळ्या. तिने डंख मारून लुळ्या केलेल्या. मारत नाही, म्हणजे त्या सडत नाहीत. वर एक बारीक धागा, धाग्याला एकच अंडं. ते आता फुटलं असेल. आतलं पिल्लू एकेक ताजी अळी खात असेल. मग कोष करेल. तीन आठवड्यांनी पंख घेऊन बाहेर.” ती जरा थांबली. “आई पुन्हा येत नाही. सगळी शिदोरी आधीच भरून ठेवते.”

बोलता बोलता तिचा आवाज खाली आला होता.

अण्णा मान डोलावत ऐकत होते. “मला ह्यातलं निम्मंबी ठावं नव्हतं.”

“पाच वर्षं हेच शिकलेय मी.”

“म्हंजी समदं ठावं हाय तुला.”

“हो.”

“मग आकडा केसांत घाल.”

...

तिने घातला नाही. आकड्याचं टोक मातीला टेकवून ती तशीच उभी राहिली.

अण्णांनी तिच्याकडे पाठ केली. “तुझं तू ठरीव. म्या बघत न्हाई.”

मी मात्र पाहत होतो. तिची बोटं पांढरी पडली होती. मग तिने आकडा पुन्हा केसांत खोचला आणि ओट्यावर बसली.

“अकरा वर्षांचं काम आहे हो, अण्णा.” तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

“व्हय,” अण्णा म्हणाले.

प्रकाशक फोनवर काय बोलला ते मला ओट्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येत होतं. ती एवढंच म्हणाली, “पुस्तक सोमवारी देत नाही.”

पुढचे बारा दिवस ती रोज आली. पुस्तकाचे छापील कागद तपासायला म्हणून घेऊन बसायची. दोन-तीन दिवसांनी पाहिलं तर कागद उलटे झाले होते आणि ती पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहीत होती. पायरीच्या फटीत पांढरा तेरडा आहे. त्याच्या शेंगेवर सुरवंट चढला, शेंग फट्‌कन फुटली, सुरवंट खाली. सोनकीच्या फुलावर सोनकीच्याच रंगाचा कोळी बसलाय, माशी येईपर्यंत तो दिसतच नाही.

“इतकी वर्षं ही पायरी ओलांडून मी वर जात होते,” ती मला म्हणाली. थोडी ओशाळली होती.

बाराव्या दिवशी सकाळी कुलपावरच्या मातीला ओल आली. आतून. मग बारीक भोक पडलं. भोकातून दोन मिशा हलल्या. वैजयंतीने माझं मनगट घट्ट धरलं.

नवी कुंभारीण बाहेर आली. काळीभोर, पोटावर पिवळा पट्टा, कंबर दोऱ्याएवढी. कुलपावर बसून तिने मिशा पुसल्या, पंख झटकले, आणि कुणी वाट दाखवली नसताना सरळ टेकडीकडे उडाली. माझं वय साठ. इतका आनंद मला कधी झाला होता ते आठवेना.

वैजयंतीने त्याच आकड्याने उरलेली माती काढली, तेलाचा थेंब सोडला, किल्ली फिरवली.

खोलीत कुबट वास होता. भिंतीवरून फळीपर्यंत मातीच्या रेघा गेल्या होत्या. तिने वही उचलली, तर हातात नुसता पुठ्ठा आला.

वाळवी.

ती तिथेच खाली बसली. अण्णांनी पुठ्ठा हातात घेतला. कोनाड्यातला चष्मा काढून, पुसून, डोळ्यांना लावून त्यांनी वाळवीकडे बराच वेळ पाहिलं.

“माझं अक्षर पचवणारं कुनीतरी भेटलं बघ.”

आम्ही कुणी हसलो नाही. तेही हसले नाहीत.

“मी त्या दिवशी कुलूप उघडलं असतं,” वैजयंती म्हणाली, “तर वही राहिली असती.”

“व्हय. ऱ्हायली आसती.”

...

“आता तारखा कुठून आणू मी?”

अण्णा बाहेर आले. उघडं कुलूप त्यांनी पुन्हा कडीत अडकवलं, भोक बाहेरच्या बाजूला करून. मग तिचे कागद उचलले, पेन्सिलीची बाजू वर केली आणि वहीच्या रिकाम्या पुठ्ठ्यात ठेवले.

पायरीजवळ काल नसलेलं एक निळं फूल उमललं होतं. त्यांनी पेन्सिल तिच्या हातात दिली.

“वैजू, आज तारीख किती?”