उधाणातही न बुडालेला खडक

मुलांनो, एका मोठ्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर, खडकातल्या बिळात एक पाणमांजरी राहत असे. तिला दोन पिल्ले होती. थोरली धीट होती, नुकती पोहायला शिकली होती. धाकटा मात्र जन्मापासून अंगाने बारीक. आईने चावून मऊ करून दिलेली बारकी मासळी तेवढी त्याच्या पोटात टिके, बाकी सारे उलटून पडे. त्यामुळे उजाडल्यापासून पाणमांजरीला एकच घोर असे, की आज बारकी मासळी मिळेल ना?

ती मिळण्याची हमखास जागा एकच होती. आखाताच्या मधोमध एक खडक होता. भरतीला तो पार पाण्याखाली जाई आणि ओहोटीला डुंबणाऱ्या म्हशीसारखी पाठ वर काढी. आखाताच्या पश्चिमेला उंच कडा होता, तिथे पाणकावळे राहत. पूर्वेला तिवरांची दाट दलदल होती, तिथे खेकड्यांची वस्ती होती. ओहोटी लागली की पाणकावळ्यांचा म्होरक्या खडकाच्या माथ्यावर येऊन पंख वाळवत बसे. खेकड्यांचा पुढारी कपारींतली कालवे फोडून खाई. पाणमांजरी पायथ्याशी बुडी मारून बारकी मासळी काढी. कुणाचा घास कुणाच्या आड येत नसे. खडकाला नावेसुद्धा तीन होती. पाणकावळे त्याला ‘पंखवाळवण’ म्हणत, खेकडे ‘कालवखडक’ म्हणत, आणि पाणमांजरी आपल्या पिल्लांना सांगताना ‘आईचा दगड’ म्हणे. तीन नावांमुळे कुणाचे काही अडत नव्हते.

एक रिवाज मात्र तिघेही पाळत. पाणी चढू लागले की प्रत्येकाने आपल्या किनाऱ्याला लागायचे, भरतीत खडकावर कुणीही थांबायचे नाही. असे का, हे कुणी विचारत नसे. खरे कारण पाण्याखाली होते. भरतीबरोबर माशांच्या माद्या येत आणि खडकाच्या पायथ्याशी पडलेल्या सुट्या दगडांच्या पोटाला आपली अंडी चिकटवून जात. त्या वेळी तिथे कुणी नसे, म्हणूनच त्या निर्धास्त येत.

एका वर्षी मासळी कमी आली. पोटात भूक असली की शेजाऱ्याचा घास उगाचच मोठा दिसू लागतो. एके दिवशी पाणकावळा माथ्यावरून म्हणाला, “आजपासून इथं येताना आम्हाला विचारून यायचं. संध्याकाळी आमच्या कड्याची सावली या खडकापर्यंत येते. जिथवर आमची सावली, तिथवर आमची हद्द.”

खेकडा कपारीतून डोळे वर काढून म्हणाला, “सावलीवर हद्द ठरते होय? मग दुपारी तुझं काय उरतं रे? आमचा चिखल बघ. आमच्या किनाऱ्यापासून पाण्याखालून सलग निघतो, तो थेट या खडकाला येऊन टेकतो. म्हणजे हा खडक आमच्याच जमिनीचा तुकडा आहे.”

“चिखल तर साऱ्या आखाताच्या तळाशी आहे. मग सारं आखातच तुझं म्हण की!”

“तसंही म्हणता येईल,” खेकडा गंभीरपणे म्हणाला.

पाणमांजरी इतका वेळ आपली मासळी काढत होती. पण धाकट्याचा ओढलेला चेहरा तिच्या डोळ्यांसमोर आला आणि तिचाही तोल गेला. ती म्हणाली, “तुम्ही दोघं काल आलात. माझ्या पणजीचा जन्म या खडकावर झालाय!”

“भरतीत बुडणाऱ्या खडकावर?” पाणकावळ्याने विचारले.

“ओहोटीत झाला,” पाणमांजरी फणकारली. पणजीला तिने कधी पाहिले नव्हते, आणि ही गोष्ट तिला कुणी सांगितलीही नव्हती. पण एकदा तोंडातून गेल्यावर तिला स्वतःलाच ती खरी वाटू लागली.

भांडण हातघाईवर आले तेव्हा तिघे म्हाताऱ्या कासविणीकडे गेले. ती दूरदूरचे समुद्र हिंडून अंडी घालायला दरवर्षी या आखातात येई, म्हणून सगळे तिचा मान राखत. तिने तिघांचे म्हणणे डोळे मिटून ऐकले. मग ती म्हणाली, “बाळांनो, जे भरतीत बुडतं ते कुणाचंच नसतं. माझ्या आजीच्या वेळेपासून हेच चालत आलंय. जा घरी, पोराबाळांचं बघा.”

तिघे मान खाली घालून परतले. भांडण मिटले असे कासविणीला वाटले. पण वाटेत तिघांच्याही डोक्यात एकच विचार घोळू लागला होता. बुडते ते कुणाचेच नसते, म्हणजे जे बुडत नाही ते कुणाचे तरी असते! खडक जर भरतीतही वर राहिला, तर तो राखणाऱ्याचाच होईल. म्हातारीने भांडण संपवायला सांगितलेली गोष्ट तिघांनी भांडण जिंकायला उचलली. आपल्या सोयीचे तेवढेच ऐकायचे म्हटले की असे होते.

दुसऱ्या दिवसापासून खडक उंच करण्याची चढाओढ लागली. पाणकावळ्यांनी काटक्या आणून रचल्या, भरतीने त्या वाहून नेल्या. खेकड्यांनी शेकडोंच्या फौजेने चिखल वाहून आणला. तोही धुऊन गेला आणि आजूबाजूचे पाणी मात्र गढूळ करून बसला. पाणमांजरी हुशार होती. तिने दगड रचायचे ठरवले. दगड लांबून आणायला वेळ लागला असता, आणि खडकाच्या पायथ्याशी तर सुट्या दगडांची रास पडलेली. ती बुडी मारी, एक दगड छातीशी धरून वर आणी आणि माथ्यावर घट्ट बसवी. आठ दिवसांत तिचा ढीग वीतभर उंच झाला. पाणी आले आणि गेले, पण ढीग जागचा हलला नाही.

आता नवी अडचण उभी राहिली. ती घरी गेली की खेकडे येऊन दगड ओढून पाडत, नाहीतर पाणकावळे चोचींनी ढकलून देत. म्हणून ती तिथून हलेना. सकाळची ओहोटी, दुपारची भरती, संध्याकाळची ओहोटी, सगळा वेळ ती ढिगावर पहारा करत बसे. दिवसातून एकदाच घाईघाईने बिळाकडे जाई, जो सापडेल तो मासा पिल्लांपुढे टाकी आणि तशीच मागे फिरे. मासा चावून मऊ करायला तिला सवड नव्हती. थोरली आपल्या परीने तो चावून धाकट्याला भरवी, पण तिचे दात अजून कोवळे होते.

“आई, तू आज थांब ना,” एकदा धाकटा म्हणाला.

“थोडेच दिवस रे राजा,” पाणमांजरी म्हणाली. “मग तो सगळा खडक आपला होईल. तिथली सगळी मासळी तुझी. कुणाला विचारायला नको, कुणाची वाट बघायला नको. हे सगळं तुझ्यासाठीच तर चाललंय.”

हे ती खोटे बोलत नव्हती. तिला अगदी मनापासून तसेच वाटत होते.

पौर्णिमेच्या उधाणाच्या आदल्या दिवशी म्हातारी कासवीण पोहत खडकाजवळ आली. उन्हात ठेवलेल्या दगडांकडे ती बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “पोरी, या दगडांच्या पोटाला काय चिकटलंय ते पाहिलंस का?”

पाणमांजरीने पाहिले होते. उलटे बसवलेल्या दगडांवर बारीक पांढुरका थर होता. वाळून त्याचे पापुद्रे निघू लागले होते. ती माशांची अंडी आहेत, हे तिला पहिल्या दिवशीच कळले होते.

“पुढच्या वर्षी नवी अंडी येतील, आजी,” ती नजर चुकवत म्हणाली. “आधी खडक तर माझा होऊ दे.”

“पायाचे दगड काढून कळस चढवते आहेस,” कासवीण म्हणाली. पाणमांजरीने हातातला दगड घट्ट बसवला. ती पुढचा दगड आणायला खाली गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी उधाण आले. पाणकावळे कड्यावर रांगेने बसले होते, खेकडे तिवरांच्या मुळांवर जमले होते. पाणी चढत गेले. ते खडकाच्या पाठीवरून गेले, ढिगाच्या निम्म्यावर आले, पाणमांजरीच्या पंजांना लागले आणि तिथेच थांबले. मग हळूहळू उतरू लागले. एवढ्या मोठ्या आखातात पाण्याबाहेर राहिलेली ती एकटीच होती. तिचा ऊर भरून आला.

“खडक माझा!” ती ओरडली. “वर्षातलं मोठं उधाण येऊन गेलं, तरी बुडला नाही. आता बोला!”

पाणकावळ्यांनी पंख पसरले आणि सगळा थवा दुसऱ्या आखाताच्या दिशेने उडून गेला. खेकडा शांतपणे म्हणाला, “बाई, खडक तुझा. आम्ही काही आता इकडं यायचे नाही.” एकेक करून सगळे खेकडे दलदलीत आत खोल निघून गेले.

संध्याकाळच्या ओहोटीला पाणमांजरी पिल्लांना खडकावर घेऊन आली. थोरली तिच्या बरोबरीने पोहत होती, धाकट्याला तिने मानगुटीला धरून आणले. त्याला ढिगावर बसवून ती म्हणाली, “बघ, हे सगळं आपलं.”

धाकट्याने इकडेतिकडे पाहिले. “आई, खायला काय आहे?”

“आत्ता आणते,” असे म्हणत तिने बुडी मारली. पायथ्याशी जिथे सुट्या दगडांची रास होती, तिथे आता गुळगुळीत उघडा खडक होता. लपायला एक फट उरली नव्हती. फटीच नाहीत तर मासळी कशाला राहील? तिने पुन्हा बुडी मारली, गढूळ पाण्यात चारी बाजूंनी फिरली. तिसऱ्यांदा वर आली तेव्हा तिच्या तोंडात शेवाळाचा एक धागा होता. तो तिने थुंकून टाकला. पिल्ले तिच्या तोंडाकडे बघत होती.

त्यानंतर तिने जंग जंग पछाडले. किनाऱ्याने कोसभर लांब गेली, खोल पाण्यात गेली, मोठे मासे आणले आणि चावून चावून मऊ केले. पण उशीर झाला होता. धाकट्याच्या पोटात आता काहीच टिकेना. उधाणानंतर सहाव्या दिवशी सकाळी थोरलीने त्याला हलवून हाक मारली, तर तो उठला नाही.

पाणमांजरी दोन दिवस बिळाबाहेर पडली नाही. तिसऱ्या दिवशी ती कासविणीकडे गेली.

“आजी, तो खडक परत घे. मला नको.”

“मी कुठं तुला दिला होता, पोरी?” कासवीण म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. “माझ्याकडे देऊन काय होणार? दगड जिथून काढलेस, तिथं नेऊन ठेव.”

त्या दिवसापासून पाणमांजरी आपलाच ढीग उतरवू लागली. एक दगड काढायचा, छातीशी धरून खाली न्यायचा, पोटाची बाजू खाली येईल असा ठेवायचा आणि पुन्हा वर यायचे. चढवताना तिला दम लागला नव्हता, उतरवताना मात्र दर दगडाला लागे. थोरलीही तिच्या मागे लहान लहान दगड ढकलत असे.

चार दिवसांनी खेकडा ओहोटीच्या पाण्यातून चाचपडत आला. हे काय चालले आहे, ते त्याने लांबूनच पाहिले होते. जवळ येऊन त्याने विचारले, “बाई, एकटी थोरलीच दिसतेय. धाकटा कुठाय?”

पाणमांजरीच्या हातातला दगड तसाच राहिला. “गेला,” ती म्हणाली.

“आम्हाला कुणी कळवलं नाही,” खेकडा म्हणाला.

“कोण कळवणार, दादा? मीच तर सगळ्यांना घालवून दिलं होतं.”

“एकट्या तुझं कसं म्हणू,” खेकडा हळूच म्हणाला. “तुझ्या दगडांत आमचाही चिखल होता.” मग त्याने ढिगातल्या एका दगडाला नांगी घातली आणि तो मागे मागे ओढत पाण्यात नेऊ लागला. दुसऱ्या दिवशी तो आपली फौज घेऊन आला. पाणकावळे महिनाभराने आले, आणि सावलीचे नावही न काढता चोचींनी दगड ढकलू लागले.

शेवटचा दगड उतरला त्या दिवशी भरतीने खडक पूर्ण झाकला. आपापल्या किनाऱ्यावरून तिघांनीही ते पाहिले, पण कुणी आनंदाने ओरडले नाही. त्या वर्षी पुन्हा मासळी आलीच नाही आणि पुढच्या वर्षीही अगदी थोडी आली. जी आली ती पाणमांजरीने आधी थोरलीला दिली. थोरलीने नेहमीच्या सवयीने तिचा अर्धा भाग चावून मऊ केला आणि आपल्या शेजारच्या रिकाम्या जागेवर ठेवला.

तात्पर्य : सर्वांना पोसणारी गोष्ट एकट्याची करू गेले, तर मालकी तेवढी हाती लागते, पोसणारे काहीच उरत नाही.