वाढप्याचं पान

“...मग डीपी तरीही का बसते, महाराज?”

शिवदास इंजिनियर भर दुपारी टेकडी चढून मठात आला होता. खाली गाव पेंगत होतं.

दिवेलागणीला सगळ्या घरांचा भार गावच्या डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, सोसेना, म्हणून त्याने तिच्या शेजारी कपाटाएवढी बॅटरी बसवली होती. संध्याकाळी बॅटरीने गावाला वीज द्यायची, म्हणजे डीपीला उसंत. पण कालही डीपी बसली, गाव अंधारात गेलं. आज पुन्हा बसली तर हे धूड उचलून न्या, असं गावाने त्याला बजावलं होतं.

“बॅटरीला मी काही कमी पडू देत नाही,” तो तोऱ्यात म्हणाला. “जरा उतरली, की लगेच डीपीवरून भरून घेते.”

महाराज नुसते हसले. संध्याकाळच्या पंगतीत तूच वाढ, म्हणाले. मात्र वाढप्यांनी दुपारीच जेवून घ्यायचं, ही मठाची रीत.

शिवदासला या रीतीचं हसू आलं. भात काय पळून जातोय? वाढता वाढता जेवेन, म्हणून त्याने पान बाजूला सारलं.

संध्याकाळी पंगत बसली. शिवदासच्या पोटात कावळे ओरडत होते. चार पानं वाढून होतात न होतात, तोच महाराजांनी त्याला हाताला धरून बसवलं आणि त्याच पातेल्यातला भात त्याच्यापुढे वाढला.

“दमलास. भरून घे.”

तो जेवला. पंगत थांबली... पुन्हा चार पानं. पुन्हा महाराजांनी त्याला बसवलं. भूक अशी, की त्याला नाही म्हणवेना.

पंगतीच्या टोकाला म्हातारी धोंडाबाई बसली होती. तिच्यापर्यंत तो पोचला, तेव्हा डाव पातेल्याच्या बुडाला खणखणला.

“असू दे, लेकरा,” ती म्हणाली आणि कोऱ्या पानावर हात ठेवून बसून राहिली.

शिवदासला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने वळून आपल्या पानाकडे पाहिलं. त्यावर अजून भात होता...

टेकडीखाली एकेक दिवा लागू लागला होता.

तो दचकला. पातेलं तिथेच टेकवून पायऱ्यांकडे धावला. मग मध्येच थबकून वळला.

“महाराज, ती बॅटरी आत्ता... या घडीलासुद्धा डीपीवरून...”

महाराज धोंडाबाईच्या पानात स्वतःची भाकरी मोडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“दुपारी जेव म्हटलं होतं तुला.”