मोबाईलवरून काय पोचतं?

ऐका ना, आमच्या धनकवडीतल्या जुईलीची गंमत! दिवसभर पार्लरमध्ये काम, म्हणून तिने बी.कॉम.ला ऑनलाइन प्रवेश घेतला. फीला मदत मिळाली नाही तर वर्ष वाया जाणार होतं. एका ट्रस्टकडे अर्ज केला, तर मुलाखतही व्हिडिओ कॉलवरच!

अध्यक्ष दिनकरराव बंगल्यातल्या झोपाळ्यावरून म्हणाले, "खरंच गरज आहे का? मोबाईल फिरव बघू, घर दाखव."

तिने फिरवला. पोपडे उडालेली भिंत, दोरीवरचे कपडे, घाईघाईने पदर सावरणारी आई, सगळं अख्ख्या कमिटीने पाहिलं. जुईलीला अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"गरज आहे खरी," दिनकरराव म्हणाले. "पण बाळ, ऑनलाइन कॉलेज कसलं? समोर मास्तर नाही, फळा नाही. मोबाईलवरून माणसाच्या आत काही पोचत नसतं!"

जुईलीचे कान अजून तापलेलेच होते. मान खाली घालूनच ती म्हणाली, "पोचतं, साहेब. मघाशी घर दाखवायला लावलंत ना, ती लाज मोबाईलवरूनच पोचली. अगदी आतपर्यंत."

झोपाळा थांबला. दिनकररावांनी हळूच आपला कॅमेरा बंद केला.

खजिनदार बाई खाकरल्या. "जुईली, कॉलेजचा खाते नंबर पाठव गं. आणि आईंना सांग, आमचं चुकलं."